लक्ष्मीआईचा बोकड आणि पालिकेचा कोंडवाडा

माझ्या घरी एक बोकड राहायला होता, आणि तो माझा नव्हता.

हे मी गावात अनेकांना सांगून पाहिलं. बोकड होता, हे सगळ्यांना पटलं (वासावरून पटायचंच!). तो माझा नव्हता, हे कुणालाच पटलं नाही. गाव म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. नाव सांगत नाही. आमच्या पालिकेतले लोक काही वाचत नाहीत हे खरं, पण त्यांच्या बायका वाचतात.

मी निवृत्त माणूस. कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला. बायको गेली, मुलगी कॅनडाला गेली. दोघींपैकी मुलगी फोन करते. घरात चार खोल्या आहेत. त्यातल्या तीन खोल्यांत मी फक्त पंखा बंद आहे का, एवढं बघायला जातो. दुपारी खानावळीच्या मावशी डबा आणून देतात आणि "जेवा बरं का सर" म्हणतात. बऱ्याच दिवशी माझं दिवसभराचं संभाषण एवढंच. टीव्हीवरचे बातम्या देणारे मात्र फार बोलतात. मी त्यांना उलट उत्तरं देतो, पण त्यांचं लक्ष नसतं.

मुलगी म्हणायची, "बाबा, घरात काहीतरी पाळा. सोबत होते. इकडं सगळे पाळतात."

"काय पाळू?"

"कुत्रा, मांजर, मासे... काहीही!"

'काहीही' हा शब्द तिनं जरा जपून वापरायला हवा होता.

माझी थोरली बहीण, अक्का, तामलवाडीला राहते. भावजी गेल्यापासून तीही एकटीच. माझ्या हृदयाचं ऑपरेशन सोलापूरला झालं. माझ्या मते ते डॉक्टरांनी केलं. अक्काच्या मते ते लक्ष्मीआईनं केलं, डॉक्टर नुसते हातमोजे घालून उभे होते. मी आत टेबलावर होतो तेव्हा बाहेर बाकड्यावर बसून अक्कानं नवस बोलला होता, "आई, माझा दत्तू जिता घरी आला तर तुला बोकड सोडीन."

आता, आमच्याकडं देवीला बोकड देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक कापून, एक सोडून. कापलेला बोकड गाव खातं. सोडलेला बोकड गावाला खातो. त्याला कुणी अडवायचं नाही, मारायचं नाही, विकायचं नाही. ज्याच्या दारात जाईल त्यानं मूठभर काहीतरी द्यायचं आणि हात जोडायचे. अशी नोकरी निवृत्तीनंतर मलाही चालली असती.

मी जिता घरी आलो. अक्कानं काळाभोर, लांब कानांचा, आमच्या जिल्ह्याच्या जातीचा बोकड हळदीकुंकू लावून सोडला. (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीच्या जातीचं अजून जुनंच चालू आहे. शेळीनं तक्रार केलेली नाही.) पण तामलवाडी आता पूर्वीची राहिली नाही. बोकडानं कुणाची तरी कोथिंबीर साफ केली आणि कोथिंबीरवाल्यानं हात जोडण्याऐवजी काठी काढली. शिवाय ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. निवडणुकीच्या दिवसांत गावातल्या धडधाकट बोकडाकडं लोक कोणत्या नजरेनं बघतात, हे अक्काला चांगलं ठाऊक होतं. तिनं बोकडाला वडापच्या जीपमध्ये घातलं, स्वतः मागं बसली आणि माझ्या दारात उतरली.

"हे घे. तुझ्याच जिवाचं हाय. तूच राख."

"अक्का, ही कॉलनी आहे!"

"मग काय झालं? कॉलनीत देवी न्हाय व्हय?"

मग तिनं मला नियम सांगितले. बांधायचं नाही. मारायचं नाही. घराबाहेर हाकलायचं नाही. नाव ठेवायचं नाही.

"आणि एक ध्येनात ठेव. ह्याला कवा 'माझा' म्हनायचं न्हाय. आईचा हाय त्यो. तू 'माझा' म्हनलास की नवस मोडला. आन नवस मोडला की..."

तिनं फक्त माझ्या छातीकडं पाहिलं. त्या क्षणी तिथं टाके पडलेल्या जागी मला खरोखर खाजलं. मी आयुष्यभर वर्गात अंधश्रद्धेवर बोललो आहे, पण वर्गात कुणी माझ्या छातीकडं असं पाहिलं नव्हतं.

अक्का संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. बोकड हॉलमध्ये उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. देवीचा म्हटल्यावर अरे-तुरे करणं बरं दिसेना.

"या, बसा," मी म्हणालो.

तो सोफ्यावर बसला.

त्या दिवसापासून माझ्या घरात बोलणं सुरू झालं. "जेवलात का?" "झोप झाली का?" "अहो, तो ग्रंथ आहे, पालापाचोळा नव्हे!" बोकड ऐकून घ्यायचा. मधूनमधून "ब्यॅऽऽ" म्हणायचा. टीव्हीवाल्यांच्या मानानं हे बरंच मोजकं आणि मुद्द्याला धरून होतं. इतिहासावरची माझी अर्धी पुस्तकं त्यानं चाखली. त्याच्याआधी ती कुणी उघडलीही नव्हती, त्यामुळं मला फार वाईट वाटलं नाही. त्याचा वास सोडला (तो सोडता येत नाही, हे वेगळं!) तर आमचं छान चाललं होतं. उरलेल्या तीन खोल्यांतही मी आता जाऊ लागलो, कारण तो कुठं गेला ते बघावं लागायचं.

अडचण शेजारच्या देशमान्यांची होती. देशमाने म्हणजे निवृत्त उपअभियंता आणि कॉलनीचे अध्यक्ष. निवडून आलेले नाहीत. एकदा सभेत खुर्ची कमी पडली, ते अध्यक्षाच्या खुर्चीत बसले आणि मग उठलेच नाहीत. त्यांच्याकडं एक जाडजूड कुत्रा आहे. पालिकेचा परवाना असलेला तो गावातला पहिला कुत्रा, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. परवान्याला त्यांनी चौकट करून घेतली आहे. ती दिवाणखान्यात, त्यांच्या निरोप समारंभाच्या फोटोशेजारी आहे. फोटोत देशमाने आहेत, परवान्यावर कुत्रा आहे, आणि पाहुण्यांनी दोन्हींकडं सारख्याच आदरानं बघावं अशी अपेक्षा असते.

"सर, तुमच्या बोकडानं माझ्या दाराचं तोरण खाल्लं!"

"माझा नाही तो."

"मग कुणाचा?"

"लक्ष्मीआईचा."

"मग त्यांना सांगा की, जरा आवरा म्हणावं!"

"तुम्हीच सांगा. त्या सगळ्यांचं ऐकतात."

खोटं कशाला बोलू, हे उत्तर मला आवडायला लागलं होतं. नवसामुळं मला बोकडाची सोबत होती आणि नुकसानीची जबाबदारी देवीवर होती. इतकी सोयीची व्यवस्था इतिहासात फक्त संस्थानिकांना मिळाली. देशमान्यांची तुळस गेली, "माझा नाही." कुणाची वाळत घातलेली लुंगी गेली, "माझा नाही." एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक गेला, आणि त्या वेळी तर मी हात जोडले.

मग पालिकेनं 'मोकाट जनावरमुक्त शहर' अशी मोहीम काढली. आमच्याकडं मोहीम निघाली की आधी फलक निघतो. फलकावर वर साहेबांचा हसरा चेहरा, खाली नियम. कुत्र्याला परवाना घ्या. जनावरं रस्त्यावर सोडू नका. मोकाट जनावर कोंडवाड्यात नेलं जाईल. एवढेच नियम मला सांगता येतात, कारण त्याखालचे नियम बोकडानं खाल्ले. साहेबांच्या चेहऱ्याला मात्र त्यानं तोंड लावलं नाही. देवीची जनावरं चोखंदळ असतात.

तेच नियम सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीवरूनही वाजायचे. आधी गाणं, मग "नागरिकांनी नोंद घ्यावी." बोकड रोज गाडीमागं कोपऱ्यापर्यंत जायचा. नोंद घेणारा कॉलनीतला तो एकटाच.

आणि एका सकाळी घंटागाडीच्या मागून जाळीची गाडी आली. देशमान्यांनी फोन करून बोलावली होती, हे त्यांनी स्वतःच अभिमानानं सांगितलं. चार माणसं उतरली. बोकड पळाला नाही. त्याला आजवर कुणी मारलं नव्हतं, त्यामुळं पळायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. उलट कुणीतरी मूठभर काहीतरी देईल म्हणून तो त्यांच्या हाताला तोंड लावू लागला.

गाडीवाल्यानं गळ्यात दोरी टाकली आणि मोठ्यानं विचारलं, "कुणाचा हाय ओ ह्यो बोकड?"

सगळी कॉलनी गॅलरीत. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि मी, सवयीनं, पोपटासारखा बोललो, "माझा नाही!"

"बेवारस लिवा," गाडीवाला म्हणाला.

गाडी गेली. बोकड जाळीतून मागं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच वाईट. घरात आलो, हॉलमध्ये उभा राहिलो आणि "जेवलात का?" म्हणून मोकळा झालो. उत्तर आलं नाही. दुपारी मावशी डबा देऊन "जेवा बरं का सर" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना दारातच बराच वेळ उभं केलं आणि खानावळीतल्या डाळींचे भाव विचारत राहिलो. मला डाळींचे भाव काय करायचे होते!

मग अक्काला फोन केला. तिकडून एकच वाक्य आलं. "पैली गाडी धरती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि आम्ही दोघं कोंडवाड्यावर गेलो. कोंडवाडा म्हणजे जुन्या बाजारामागचं पत्र्याचं आवार. आत दोन गाई, एक गाढव आणि आमचा बोकड. गाढवाच्या पाठीवर मान टाकून तो उभा होता. नियम असा निघाला (बोकडानं खाल्लेल्यांपैकी!) की मालकानं यायचं, सगळ्यांसमोर 'माझा आहे' असं सांगायचं आणि जनावर न्यायचं. मालक आला नाही तर लिलाव. लिलाव त्याच दिवशी होता. आणि लिलावाला नळदुर्गकडच्या हायवेवरचा एक ढाबेवाला येऊन बसला होता. स्वच्छ पांढरा शर्ट, बोलायला अत्यंत गोड. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत कमरेपाशी येऊन तो अंगठ्यानं दाबून बघत होता. बोकडाला वाटलं लाड करतायत. त्यानं डोळे मिटले.

"ब्येस हाय," ढाबेवाला म्हणाला. "सर, तुमाला नको असंल तर म्या घेतो की. तुमी काय काळजी करू नका."

निरीक्षक साहेब टेबलापाशी बसले होते. मला बघून उभे राहिले. माझा विद्यार्थी निघाला! मला वाटलं, जिंकलो.

"मालक कोण?" त्यानं विचारलं.

"लक्ष्मीआई," अक्का म्हणाली.

"त्या आल्यात का?"

"त्या कुठं न्हाईत?"

निरीक्षकानं माझ्याकडं बघितलं. मी घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. देवता ही कायद्यानं व्यक्ती मानली जाते, देवतेच्या नावावर मालमत्ता असू शकते, जुन्या राजवटींत देवस्थानांना दिलेली इनामं कशी चालत, हे मी साग्रसंगीत सांगितलं. आयुष्यभर देवादिकांपासून चार हात लांब राहिलेला मी, कोंडवाड्यात उभा राहून देवीचा मालकी हक्क मांडत होतो. गाढवसुद्धा कान टवकारून ऐकत होतं!

"सर," निरीक्षक नम्रपणे म्हणाला, "तुम्हीच वर्गात शिकवलं होतं, देवाच्या नावाखाली लोक जबाबदारी कशी टाळतात ते. मला त्या प्रश्नाला चांगले मार्क पडले होते."

आपलं शिकवणं कुणीतरी ऐकलं होतं, हे कळण्याची ही काही वेळ नव्हती.

"आमच्या नियमात सोपं हाय," तो पुढं म्हणाला. "जो खायला घालतो, तो मालक."

"व्हय का?" अक्का कंबरेवर हात ठेवून पुढं झाली. "मग ह्या दत्तूला खानावळवाली खायला घालती. ती ह्याची मालकीन का?"

ढाबेवाला खोखो हसला. गाई चरायच्या थांबल्या. निरीक्षकानं खाली बघितलं. मी कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून मी बोकडाकडं बघितलं. त्यानं मला ओळखलं आणि "ब्यॅऽऽ" केलं. अगदी मोजकं, मुद्द्याला धरून.

"सर, एक शब्द बोला आणि न्या," निरीक्षक म्हणाला. "न्हाईतर मला लिलाव काढावा लागतो."

"म्हनू नकोस दत्तू!" अक्कानं माझा दंड धरला. "बोकड गेला तर जाऊ दे. नवस मोडला आन तुझ्या काळजाचं काय बरंवाईट झालं तर मला कोन हाय रं?"

इथं विनोद संपला होता, निदान अक्कापुरता. तिच्या हिशेबानं तिच्यासमोर एका बाजूला बोकड होता आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. माझा नवसावर विश्वास नव्हता, पण तिच्या डोळ्यांतल्या भीतीवर विश्वास न ठेवणं शक्य नव्हतं. तिकडं ढाबेवाल्यानं खिशातून रुमाल काढून हात पुसले, म्हणजे त्याचं ठरलं होतं.

'माझा' हा शब्द माणसानं शेवटचा कधी उच्चारला, हे कुणी लक्षात ठेवत नाही. 'माझी गोळी', 'माझा चष्मा' असं चालू असतं. जिवंत, श्वास घेणाऱ्या कुणाला उद्देशून मी तो बऱ्याच वर्षांत वापरला नव्हता. त्यामुळं तो तोंडातून नीट निघेना.

"मा... माझा आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं, सर. सगळ्यांसमोर म्हणायचंय."

"माझा आहे!" मी असा ओरडलो की गाढव दचकलं.

अक्कानं डोळे मिटून घेतले. निरीक्षक, ढाबेवाला, पालिकेची माणसं, सगळे माझ्या छातीकडं बघत होते. मीसुद्धा. जरा वेळ गेला. मी उभाच होतो.

"साक्षीदार लागतो," निरीक्षक म्हणाला.

"मी आहे!" फाटकातून देशमाने आत येत होते. आपली तक्रार कुठवर आली, ते बघायला आले होते. "त्यांचाच आहे तो! माझं तोरण खाल्लं, मला माहीत नाही? लिहा, त्यांचाच आहे!"

मला गुन्हेगार ठरवण्याच्या भरात त्यांनी बोकड सोडवला. त्यांना हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी परवान्याचे नियम सांगायला सुरुवात केली. बोकडाला दोरीनं बांधावं लागेल, आवाराबाहेर एकट्यानं सोडता येणार नाही. मी सगळ्याला मान हलवली आणि निरीक्षकानं पुढं केलेल्या परवान्यावर सही केली. दोरी माझ्या हातात आली. बोकडानं दोरीचा वास घेतला आणि चावायला सुरुवात केली.

अक्का मात्र कोंडवाड्याच्या पायरीवर बसली होती. पदर तोंडाला लावून ती कुणाशी तरी बोलत होती. जवळ गेलो तर देवीशी बोलणी चालली होती.

"आई, चुकलं त्याचं. आदीपासनंच हट्टी हाय त्यो, शाळेत बी तसाच व्हता. बोकड त्यानं घेतला, जाऊ दे, बोकड त्याला ऱ्हाऊ दे. बदल्यात म्या..." मग ती निर्धारानं म्हणाली, "बदल्यात म्या त्यालाच तुला सोडला!"

"अक्का! मला विचार तरी!"

"बोकडाला इचारलं व्हतं का?"

इतक्या कडक तर्कशास्त्राला मी उभ्या आयुष्यात कधी तोंड दिलं नव्हतं. तिनं कनवटीची पुडी काढली आणि भर कोंडवाड्यात माझ्या कपाळाला हळदीकुंकू फासलं. ढाबेवाल्यानं (माणूस खरंच गोड!) हात जोडले. निरीक्षकानंही जोडले. देशमान्यांनी जोडावेत की नाही, याचा विचार करता करता अर्धवट जोडले.

"आता तू कुनाचा न्हाईस," अक्का समाधानानं म्हणाली. "आईचा हायेस. आता तुला कोन काय करत न्हाय."

ती शेवटच्या एसटीनं गेली. खिडकीतून तिनं बोकडाला हात केला, मग मला केला. क्रम हाच होता.

तेव्हापासून घरात आम्ही दोघं आहोत. बोकड रीतसर मालकाचा आहे. त्याला दोरी आहे, परवाना आहे, देशमान्यांची साक्ष आहे. मी सोडलेला. मला कुणी बांधत नाही, मारत नाही, हाकलत नाही, आणि नियमानं कुणी 'माझा' म्हणायचंही नाही, त्यामुळं कुणी म्हणत नाही याचं आता वाईट वाटायचं कारण उरलेलं नाही. संध्याकाळी मी बोकडाला घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरून येतो. लोक बघतात. दोघांपैकी मोकाट कोण, हे त्यांना बरोबर कळतं.

फक्त पालिकेच्या त्या जाळीच्या गाडीची मला जरा धास्ती वाटते. उद्या मला उचललं, तर सोडवायला बोकडालाच यावं लागेल. आणि चार लोकांत, मोठ्यानं, 'माझा आहे' म्हणायची त्याची तयारी आहे का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.